हकीकत पाच-नऊच्या मोहिमेची

श्रीलक्ष्मीनारायण प्रसन्न, आणि बंदरावरचा पीरही प्रसन्न. कुलाबा प्रांतीच्या हौशी बिनतारी मंडळाने हुकूम केला की, शके अठराशे ब्याऐंशी, शार्वरीनाम संवत्सरी कार्तिक मासी ढालीची जी मोहीम जाहली, तीत कोण खरा, कोण खोटा आणि कोण नुसताच हजर, हे यथास्थित लिहून ठेवणे. नाहीतर पुढे पोरेबाळे विचारतील तेव्हा जो तो आपणच खरे होतो म्हणून सांगेल. त्याजवरून हे लिहिले असे. लिहिणाराने कोणाची भीड धरली नाही, कारण कोणी त्यास साधा चहादेखील पाजला नाही.

इंग्रज मुलूख सोडून गेला त्यास तेरा वर्षे जाहली होती, आणि मुलखात दुसरी कामे थोडी होती की काय, म्हणून काही मातबर लोकांस एक छंद जडला होता. तो ऐसा की, सरकारचा परवाना घ्यावा, घरात यंत्र मांडावे, उंच तार बांधावी आणि तारेवाचून हवेतून दूरच्या माणसाशी बोलावे. बोलणे काय, तर तुमचा आवाज आम्हांस कसा येतो आणि आमचा तुम्हांस कसा येतो. इतके कळले की बोलणे सरले, मग दुसरा माणूस शोधावा. दरसाल एक आदितवार नेमून सकाळी सातापासून सायंकाळी पाचापर्यंत या गोष्टीची लढाई होई, आणि प्रत्येक बोलणे वेळेनिशी वहीत टिपले जाई, आणि ज्याची बोलणी अधिक त्यास मंडळाची ढाल मिळे. ढाल पितळेची होती आणि तिजला कल्हई नव्हती, तरी तिच्यापायी सख्खे शेजारी एकमेकांचे तोंड पाहत नसत.

आता आवाज कसा येतो हे दोन आकड्यांत सांगण्याचा रिवाज आहे. पहिला आकडा स्वच्छपणाचा, पाचापैकी. दुसरा जोराचा, नवापैकी. ऐशियास कुलाबा प्रांतीचे हौशी लोक मोठे मनाचे. समोरच्याचा आवाज विहिरीत पडलेल्या माणसासारखा येवो, मध्ये अर्धा समुद्र खरखरो, नाव तीनदा विचारावे लागो, ते सर्वांस एकच सांगत, पाच-नऊ. तूही पाच-नऊ, मीही पाच-नऊ, अहो रूपं अहो ध्वनी, आणि लढाई पुढे चालू.

या सर्व दरबारात एकच माणूस बेमुर्वत निघाला. ते दर्याबहादूर, बिनतारीनिपुण जलीलमियां श्रीवर्धनकर. मियांनी बावीस वर्षे जहाजांवर बिनतारीचे काम केले आणि मग घरी येऊन सुपारीच्या वाडीत दोन उंच पोफळींना तार बांधून बसले. जहाजावर चुकीचा आकडा सांगितला तर माणसे बुडतात, ही गोष्ट त्यांच्या हाडीमाशी भिनलेली. म्हणून ते ज्यास जसा आवाज येई तसाच आकडा देत. कोणास तीन-तीन, कोणास दोन-चार, आणि एकदा मंडळाच्या सभापतींस तर एक-एक दिला, आणि वर बॅटरी बदला म्हणून कळविले. लोक म्हणत, मियां खवट खरा, पण त्याचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. मियांस बंगला नव्हता की होडी नव्हती. काय तो हा लौकिकच होता, आणि त्यास ते फार जपत.

सभापती ते राजमान्य राजश्री शिवदासशेठ अलिबागकर. तीन साल ढाल त्यांच्या दिवाणखान्यात होती, आणि का नसावी? लढणारे शेठ, सर्वांच्या वह्या तपासणारे शेठ, दार लावून निकाल करणारे शेठ, आणि टाळ्या वाजवावयास पहिले उठणारेही शेठच. मागील साली शेठ जेवावयास उठत तेव्हा त्यांचे मेहुणे यंत्रावर बसत, असा बोभाटा जाहला. तेव्हा जलीलमियांनी भर सभेत उठून कलम घालून घेतले की, एक वही, एक माणूस. दुसऱ्याचे हाती यंत्र दिल्यास अख्खी वही रद्द. शेठांनी कलमास हसून अनुमोदन दिले, कारण वह्या तपासणार तेच होते.

मग नेमल्या आदितवारी मियां फज्रची नमाज पढून यंत्रावर बसले. बीबी हुस्नबानू यांस आदल्या दिवशीच ताकीद होती की, आज तारेवर कपडे वाळत घालू नयेत. सुपारी पाडणारा धर्मा यास हुकूम होता की, पोफळीवर चढू नये, लढाई आहे. धर्मा म्हणाला, 'कुनासंगं?' मियांनी त्यास उद्या ये म्हणून वाटेस लावले. मग मुंबई घेतली, पुणे घेतले, पालीचे भिकू गुरुजी घेतले, नाशकाचा एक वकील दोन-तीन आकड्यावर कसाबसा ऐकू आला, पण हाती लागला नाही. एकापर्यंत बावीस जाहले. तेव्हा मियां जोहरच्या नमाजेस उठले, आणि मग पापलेटाच्या कालवणाचा वास आला, आणि बंदा योद्धा जाहला तरी त्यास पोट आहे.

मियां जेवत होते तो आतून यंत्र पुकारू लागले की, श्रीवर्धन, श्रीवर्धन. हुस्नबानू बारा वर्षे हे ऐकून सर्व रीत जाणत होत्या. माणूस दारातून हाका मारतो आणि घरात कोणी ओ देत नाही, हे त्यांच्याने पाहवेना. त्या जाऊन बसल्या आणि अर्ध्या तासात त्यांनी नऊ ठिकाणे काबीज केली, सर्वांची खुशाली पुसली, आणि नऊच्या नऊ जणांस पाच-नऊ देऊन टाकले. मियांनी हात धुऊन येऊन वहीत पाहिले तो चाट पडले. वकिलास पाच-नऊ कसे दिले, असे त्यांनी विचारले असता बीबी म्हणाल्या, 'कोण कुठला बिचारा, इतक्या लांबून आला. पाहुण्याला तोंडावर कमी सांगतात व्हय?'

येथे मियांनी ती नऊ बोलणी खोडावयाची होती. परंतु मनात ऐसे आले की, घर माझे, यंत्र माझे, तार माझी, बायको माझी; मग यात लबाडी ती कोणती? आणि पाचानंतर पक्की वही लिहिताना ती नऊ बोलणी त्यांनी आपल्या सुबक अक्षरात उतरविली, आणि एकूण एकेचाळीस जाहली, आणि वही टपालात टाकली. त्या दिवसापासून त्यांस जेवण नीट गोड लागेना, तो दोष त्यांनी तांदळावर ठेविला.

पंधरा दिवसांनी निकाल आला. शिवदासशेठ चव्वेचाळीस, ढाल त्यांची, जलीलमियां दुसरे. मियांच्या तळपायाची आग मस्तकास गेली. त्यांनी मंडळास खलिता धाडिला की, सर्वांच्या वह्या सर्वांसमोर टांगाव्या, आणि प्रत्येक बोलणे दोन्हीकडच्या वहीत आहे की नाही ते भर दिवसा ताडून पाहावे. जो खरा आहे त्यास उजेडाचे भय काय? दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दिसते आणि आपल्या डोळ्यातले मुसळ दिसत नाही, ते हे. मंडळाने भीत भीत मंजुरी दिली आणि पालीस भिकू गुरुजींच्या शाळेत सभा नेमली. हुस्नबानूंनीही पदर खोचला. ज्यांशी बोलले त्यांची तोंडे तरी पाहू दे, म्हणून त्याही एस्टीत बसल्या.

पालीस शाळेच्या पडवीत दोरी बांधून सगळ्या वह्या वाळत घालाव्या तशा टांगल्या. भिकू गुरुजी मोठे सरळ गृहस्थ. ते तांबडी पेन्सिल घेऊन उभे राहिले. त्यांचीही वही तेथेच होती, बावीस बोलण्यांची, कारण दुपारी त्यांची बॅटरी मेली आणि ते झोपले. मग ताडणी चालली. शेठांच्या वहीतली तेरा बोलणी दुसऱ्या कोणाच्याच वहीत सापडेनात. तेरा माणसांशी शेठ बोलले आणि तेरा माणसांस त्याची खबर नाही! शेठांनी फर्माविले की, हवामानाचा दोष असेल. गुरुजींनी तेरा रेघा ओढल्या आणि चव्वेचाळिसाचे एकतीस राहिले. मियांनी मिशीवर हात फिरविला.

परंतु शेठ कच्चे नव्हते. बुडता माणूस दुसऱ्याचे पाय धरतो, तसे ते मियांच्या वहीपाशी गेले, आणि वाचता वाचता त्यांचा चेहरा खुलत गेला. ते म्हणाले, 'मियांसाहेब, सकाळपासून तुम्ही कोणाला तीन-तीन, कोणाला दोन-चार. आणि सव्वा वाजल्यापासून पावणेदोनपर्यंत ओळीनं नऊ जणांना पाच-नऊ? तुम्ही? बाप जन्मी कोणाला दिले न्हाय ते! त्या येळेला यंत्रावर बसलं होतं कोण?'

त्या नवांपैकी सहा जण तेथेच हजर होते, आणि सहाच्या सहा जण कपातल्या चहात काही पडले आहे काय ते पाहू लागले. भिकू गुरुजी हळूच म्हणाले, 'असंल शेठ, दुपारची हवा सोच्छ असते.' अक्षर मियांचे, सही मियांची, पुरावा काही नाही. एक हो म्हटले की ढाल श्रीवर्धनास. मियांनी बीबीकडे पाहिले. त्या खाली मान घालून बांगडी फिरवीत होत्या. त्या मरत्या पण बोलत्या ना, हे मियांस ठाऊक होते. आणि आपण उभ्या जन्मात जे कोणास करू दिले नाही ती लबाडी आपल्या बायकोकडून मुकाट्याने करवून घेत आहो, याची त्यांस शरम वाटली.

मग मियां म्हणाले, 'ती नऊ बोलणी माझी न्हाईत. हुस्नानं केली. मी कालवण खात होतो, आणि मग माझ्या हातानं वहीत लिहिली.'

तेव्हा बीबींनी मान वर केली. 'व्हय, मीच बोलले. आणि हे सहा भाऊ इथं बसलेत ना, सगळ्यांनी भाभी म्हणून सलाम केला होता. नाशिकच्या वकिलांनी तर कालवणात आंबट काय घालता तेही विचारलं. आता कोणाला आठवत न्हाय?' वकिलांस ठसका लागला. सहा जणांनी आपापल्या वहीकडे पाहिले. तेथे श्रीवर्धनकर, पाच-नऊ, इतकेच होते, आणि आवाज बाईचा की बुवाचा याची दखल रिवाजाने घेतलीच नव्हती.

गुरुजींनी नऊ रेघा ओढल्या, एकेचाळिसातून नऊ गेले, राहिले बत्तीस. शेठांचे एकतीस. गुरुजी आनंदाने ओरडले, 'अवो मियां, तरी तुम्हीच जिंकलात की!' आणि लोकांनी टाळ्या वाजविल्या, कारण चहा संपला होता. शेठ मात्र टाळ्यांस उठले नाहीत. तेव्हा जलीलमियांनी हात वर करून सर्वांस थांबविले आणि सांगितले की, मागील सालचे कलम वाचावे. कोणी वाचेना, सबब त्यांनी स्वतःच म्हटले: एक वही, एक माणूस, दुसऱ्याचे हाती यंत्र दिल्यास अख्खी वही रद्द. मग गुरुजींची पेन्सिल घेऊन त्यांनी आपल्या वहीवर ह्या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत रेघ मारली. गुरुजींनी त्यांचा हात धरावयास पाहिले, पण मियांचा हात जहाजी होता.

तेरा लटकी बोलणी लिहिणारा ढालीस कसा पात्र, असा सवाल कोणी केला. शेठ टांगा बघतो म्हणून गेले ते आलेच नाहीत. येणेप्रमाणे पहिला गेला, दुसरा गेला, आणि ढाल तिसऱ्या, बावीस बोलण्यांच्या भिकू गुरुजींस मिळाली, जे अर्धी लढाई झोपेत होते. ते रडू लागले, आणि ढाल घरात कोठे ठेवावी हे पुसू लागले. सभेने ठराव केला की, पुढील सालापासून वह्या दोरीवरच टांगाव्या आणि लढणाराने तपासणी करू नये. ही फत्ते. फत्ते करणाराचे हाती परत जाताना काय होते म्हणाल, तर पालीच्या देवळापुढून घेतलेला अर्धा शेर चिवडा.

परतीच्या एस्टीत मियां खिडकीशी बसले. मग म्हणाले, 'हुस्ना, तिथं पडवीत बोललो ते मागं बायकांत कसं ऐकू आलं गं?' बीबींनी चिवड्याची पुडी त्यांच्या हाती दिली आणि सांगितले, 'पाच-नऊ.'

मियांनी त्यांच्याकडे निरखून पाहिले. हा आकडा खरा की पाहुण्यास देतात त्यातला, याची आजवर शहानिशा जाहली नाही. मियांनी तो आपल्या वहीत, रद्द झालेल्या पानाच्या मागे, वेळेनिशी टिपून ठेविला आहे. बीबींनी पुढील साली स्वतःचा परवाना काढिला. मोहीम फत्ते जाहली, इतके लिहून पुरे केले असे.