घरचे आबा, कंपनीचे आबा

आमच्या केदारखेड्यात रंगनाथआबांना "काय आबा, बरं आहे का?" असं विचारायची सोय नाही. आबा लगेच उलटे विचारतात, "कोन्त्याचं इचारून राह्यले? घरच्याचं का कंपनीच्याचं?"

कंपनीचं म्हणजे दोन्ही गुडघे, डोळ्यांतली भिंगं, कानातलं मशीन, छातीतला पेसमेकर आणि दातांची कवळी. चार वर्षांत एकेक करून बसवलेलं. बाकीचं घरचं. थंडी पडली की म्हणतात, "कंपनीचं बराबर चालू हाये. घरची कंबरच तेवढी दगा देती." मागे तर डॉक्टरांनाच म्हणाले, "एवढं केलंच हाये, तर सोभाव बी बदला. सूनबाईची लई दिसांची मागनी हाये."

मी त्यांचा शेजारी, पेशानं मास्तर. माणूस म्हणजे नेमकं काय, यावर शाळेत मी तासभर बोलतो, पण आबांपुढे माझी डाळ शिजत नाही. एकदा म्हटलं, "आबा, किती का भाग बदलेनात, तुम्ही तुम्हीच."

आबा म्हणाले, "तुम्ही म्हनून काय व्हतंय, सर? गंगीनं म्हनलं पायजे. तिनं वळखलं, तर मी मीच."

गंगी ही मेंढी. आई मेलेलं ते कोकरू आबांच्या बायकोनं, पारूकाकूनं, बाटलीनं दूध पाजून जगवलं होतं. पुढं काकू वारली. गेल्या वर्षी गुडघ्यांचं ऑपरेशन निघालं, तेव्हा मेंढरं हसनाबादला मेहुण्याकडे गेली.

रविवारी मी आबांना मोटरसायकलवर घालून हसनाबादला नेलं. मेंढरं शेतात बसवली होती. आबा बांधावर उभे राहिले आणि जीभ टाळूला लावून त्यांनी आपली जुनी हाळी दिली. निघाली नुसती हवा. गंगीनं मानसुद्धा वळवली नाही.

मेहुणा हसला. "दाजी, ती तर तुमाला पाव्हनाच समजून राह्यली."

आबांचा चेहरा उतरला. उगाच आणलं यांना, असं मला झालं. ते तोंडातल्या तोंडात जीभ फिरवत राहिले आणि एकदम थांबले. टाळूवर कवळीचं प्लास्टिक होतं, मेंढरं इकडे आल्यानंतर बसवलेलं. कवळी त्यांनी खस्सकन काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. "धरा कंपनीला."

मग त्या बोळक्या तोंडातून जी हाळी निघाली, तिनं बांधावरच्या टिटव्या उडाल्या. "ट्रर्रर्र हेऽऽ!" गंगी ताडकन उठली, मेंढरांच्या अंगावरून उड्या मारत आली आणि तिनं आबांच्या धोतरात तोंड खुपसलं. मेहुण्यानं टोपी काढली. ओली कवळी हातात घेऊन मी मास्तर माणूस वेड्यासारखा हसत होतो.

परतताना आबा मागच्या सीटवर राजासारखे बसले होते. राजूरजवळ आल्यावर म्हणाले, "सर, पारू गेली तवा माझं समदं घरचंच व्हतं. मंग ह्ये बदललं, ते बदललं. मला धास्ती व्हती, वर गेल्यावर ती म्हनंल, ह्यो कोन?"

मी गाडी हळू केली.

"आता वळखंल," आबा म्हणाले. "फकस्त मला न्यायच्या टायमाला तेवढी कवळी काढून घ्या. इसरू नका."