पट्टी खालून वर

"आज्जी, बाजूला व्हा. ही पट्टी कापल्याबिगर टीव्ही लागत न्हाय," कृष्णात म्हणाला. हातात चाकू.

"आदी माझा हात काप," मी म्हणाले आणि डिशची दांडी घट्ट धरली.

कृष्णात म्हणजे कंपनीनं आज पहिल्यांदाच धाडलेला डिशवाला. राजारामपुरीतल्या चार बिऱ्हाडांच्या, चार डिशच्या आमच्या गच्चीवर आमचं पाऊण तास जुंपलं होतं. चार वाजता माझ्या नातीची, तेजस्वीची, कुस्ती टीव्हीवर दाखवणार होते; आमच्या पडद्यावर मात्र 'सिग्नल नाही' एवढीच अक्षरं. चाराला दोनच मिनिटं कमी होती.

पट्टीचं सांगते. दर पावसात वायरच्या जोडात पाणी शिरायचं. डिशवाले यायचे, वरून खाली पट्टी गुंडाळायचे, चहा पिऊन जायचे. आठ दिवसांत पुन्हा पाणी. शेवटी काल उघडीप बघून मीच पहिल्यांदा वर चढले. (वय एकाहत्तर. शाळा दुसरी. पुढचं शिक्षण मिक्सर उघडून.) जोड कोरडा पुसला, रबरी पट्टी ताणून ताणून खालून वर गुंडाळली. वायरला खाली झोळही दिला, म्हणजे पाणी जोडाकडं न जाता तिथंच ठिबकतं.

"खालून वर कोण गुंडाळतं व्हय?" कृष्णात म्हणाला. "मला ट्रेनिंग दिलंय कंपनीनं."

"तुझ्या कंपनीनं चंदगडचा पाऊस बघितलाय? माझ्या माहेरात कौलं वळचणीपासनं वर चढवत्यात. वरचं खालच्यावर बसतं, पाणी घसरून जातं. तुम्ही उलटं शाकारताय आणि गळालं की ढगाला शिव्या देताय."

"मग चित्र का येईना?"

(प्रश्न बरोबर होता. म्हणून मी आवाज वाढवला.)

"तुझा टीव्हीखालचा डबा बिघडला असंल. माझ्या जोडात पाण्याचा थेंब निघाला, तर जल्मात पान्याला हात लावणार न्हाय."

"मग उघडूनच बघू की."

त्यानं चाकू पट्टीला टेकवला. तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या पद्मजाताई धापा टाकत जिन्यातून वर आल्या आणि म्हणाल्या, "झुंबरआक्का, भांडण सोडा नि आमच्याकडं चला, तुमची तेजस्वी मॅटवर उतरलीय आणि आमच्या टीव्हीवर काचेसारखी स्वच्छ दिसतीय, कारण काल कुणी पुण्यवान माणूस आमच्या डिशला, म्हणजे तुम्ही दांडी धरून उभ्या आहात ना, हिलाच, झकास पट्टी गुंडाळून गेलाय."