सोफ्याचे दुसरे टोक

आत जाण्याची योग्यता आणि आत जाण्याची परवानगी या दोन स्वतंत्र बाबी आहेत, हे सजीवसृष्टीने माणसाच्या पुष्कळ आधी मान्य केले आहे. यीस्टच्या पेशीत तेल जाळणारी एक इवली कोठी असते, पेरॉक्सिसोम नावाची. तिथे राबणारी प्रथिने बाहेर घडतात आणि मग आत नेली जातात. दारावर त्यांचे गुण कोणी तपासत नाही. शेपटाला तीन ठरावीक अमिनो आम्लांचा बिल्ला असला, की एक वाहक प्रथिन त्यांना उचलून आत पोचवते. (शिफारसपत्र लागत नाही, तेवढ्यापुरती पेशी मागासलेली आहे.)

आलापल्लीच्या दिव्यानीने या दारापाशी आपल्या तारुण्याचा बरा भाग घालवला होता. साखर काढून घेऊन यीस्टला मोहाच्या बियांचे तेल पाजले, की पेशीच्या अंधारात या कोठ्या चांदण्यांसारख्या उमलतात, हे तिने पाहिले होते. एका प्रथिनाचा बिल्ला तिने छाटून टाकला. तरी ते बिल्लेवाल्या जोडीदाराला बिलगून, अंगाची घडी न मोडता, आत शिरले. हा शोध चंद्रपूरच्या परिषदेत आज मांडला नाही, तर तिची संशोधक म्हणून नोंदणीच रद्द होणार होती.

परिषदेच्या दारावर नानाजी होते.

"बिल्ला कुठी आहे, बाई?"

"छापायचा राह्यला म्हणतात. पण भाऊ, आता माह्यंच भाषण आहे."

"असन ना. मी भाषण नाई पाहात, बिल्ला पाहातो."

नानाजींची निष्ठा वादातीत होती. सकाळपासून त्यांनी बिल्ला नसलेले दोन वक्ते अडवले होते आणि बिल्ला असलेली एक फुलदाणी सोडली होती. (परिणामी सभागृहातील बिल्लाधारकांचे प्रमाण शंभर टक्के भरले. विद्वत्तेचे प्रमाण मोजण्याची तरतूद नव्हती.)

इतक्यात प्रमुख पाहुण्यांचा सोफा आला. एक टोक भूपेश नावाच्या हमालाने उचलले होते, त्याच्या गळ्यात बिल्ला होता. दुसरे टोक फरशीवर घासत होते.

"ताई, धरता का जरा? जोडीदार तंबाखूचा खर्रा आणाले गेला, तो गेलाच."

दिव्यानीने टोक धरले. नानाजींनी एक बिल्ला पाहिला, एक सोफा पाहिला आणि दार सताड उघडले.

भाषण उत्तम झाले. अध्यक्षांनी त्याच सोफ्यावर रेलून विचारले, "आत पोचवणाऱ्या त्या वाहकाचे पुढे काय होते?"

"त्याला खूण लावून भिंतीतून बाहेर ओढतात, सर. पुन्हा कामाला जुंपतात. ते जमले नाही, तर मोडीत काढतात."

टाळ्या पडल्या. त्याच वेळी मागच्या दाराशी नानाजींनी हमालाचा दंड धरला होता. "सोफा ठेवला ना? मंग इथी काऊन उभा आहे? बाहेर खुर्च्या पडल्या आहेत." तो गेला. जेवणाचा वास आतच राहिला.

समारोपात दिव्यानीने आभार मानले: मार्गदर्शकांचे, प्राचार्यांचे, मोहाच्या झाडांचे, आणि यीस्टचेही. सोफ्याचे पहिले टोक धरणाऱ्याचे नाव त्यात नव्हते. ते विचारायचे तिच्याकडून राहून गेले होते. याबद्दल तिच्यावर रागावण्याचा वाचकांना पूर्ण अधिकार आहे. फक्त त्यांनी आधी, मजकुरात मागे न पाहता, ते नाव सांगावे. त्यांना ते सांगितलेले होते.