विक्रीसाठी एक दाबा

आमच्या या गृहस्थांचा धंदा म्हणजे जुन्या खुर्च्या-सोफ्यांना नवं कापड चढवणं. कारखाना म्हणजे घराची पुढची खोली आणि कर्मचारीवर्ग म्हणजे बायको. ती शिवायची, हे खिळे ठोकायचे. (वाकडे.) सगळं सुरळीत चाललं होतं. पण एका हॉटेलकडून चाळीस खुर्च्यांचं काम येण्याची चिन्हं दिसू लागली आणि यांच्या डोक्यात खूळ शिरलं, की आपण मोठी कंपनी वाटलो पाहिजे.

झालं! इंटरनेटवरून फोनची एक सिस्टीम घेतली. गिऱ्हाइकांकडे वर्षानुवर्षं बायकोचा नंबर होता; तोच कंपनीचा झाला. आता त्या नंबरवर फोन केला, की आधी यांचाच आवाज ऐकू येई, तोही घसा खाकरून भारदस्त केलेला : "विक्रीसाठी एक दाबा, दुरुस्तीसाठी दोन, मॅनेजरसाठी तीन. तक्रार असल्यास चार दाबून निरोप ठेवा. कामाच्या दोन दिवसांत दखल घेतली जाईल."

"अहो, पण एक, दोन, तीन दाबल्यावर बोलणार कोण?" बायकोने विचारलं.

"मीच. तिन्ही फोन माझ्या मोबाईलवर येणार."

"आणि तक्रारी?"

"त्या तुझ्याकडे. निरोप आला की तुझा मोबाईल वाजेल."

"वाटलंच मला," असं म्हणून ती मशीनवर जाऊन बसली.

शनिवारी चारला हॉटेलचे मालक फोन करणार होते. मशीनच्या खडखडाटात कंपनीची अब्रू जायची, म्हणून हे पावणेचारलाच मागच्या गॅलरीत गेले. वर इस्त्रीचा शर्ट, खाली अर्धी चड्डी. (व्हिडिओ कॉल आलाच तर कमरेखालचं कोण बघतंय?) काचेचं दार ओढून घेतलं मात्र, आणि आतली सैल कडी खटकन पडली. ही कडी बदलायचं यांनी गेल्या वर्षीच कबूल केलं होतं.

हाका मारून झाल्या, काच बडवून झाली. मशीन काही थांबेना. मग यांनी बायकोला फोन लावला.

"विक्रीसाठी एक दाबा..."

यांनी एक दाबलं. "आमचे प्रतिनिधी सध्या व्यस्त आहेत." दोन दाबलं. व्यस्त. तीन दाबलं. मॅनेजरसाहेबसुद्धा व्यस्त! असणारच. मॅनेजरसाहेब अर्ध्या चड्डीत उभे राहून स्वतःलाच फोन करत होते. पुन्हा एक, पुन्हा दोन... शेवटी हताश होऊन यांनी चार दाबलं आणि कंपनीच्या इतिहासातली पहिली तक्रार नोंदवली : "अगं, मी गॅलरीत अडकलोय! कडी काढ!"

घड्याळ पाहिलं तर सव्वाचार. म्हणजे मालकांनाही 'व्यस्त'च ऐकू आलं असणार! चाळीस खुर्च्या गेल्या, आणि त्याही आपल्याच आवाजात. हे मोबाईलकडे टक लावून बसले. तो वाजायचं नाव घेईना.

पाचला काचेपलीकडे बायको आली. मागे सुटातले एक गृहस्थ.

"हे हॉटेलचे मालक," ती काचेतून ओरडली. "आपला फोन लागेना, म्हणून वैतागून पत्ता शोधत स्वतःच आले. माझी शिलाई पाहिली आणि चाळीसच्या चाळीस खुर्च्या दिल्या!"

यांचा जीव भांड्यात पडला.

"हे कोण?" मालकांनी चड्डीकडे बघत विचारलं.

"मॅनेजर," बायको म्हणाली.

"अगं, मग कडी काढ ना! माझा निरोप नाही ऐकलास?"

"ऐकला की! दोनदा ऐकला. पण आज शनिवार," तिने बोटं मोजली. "कामाचे दोन दिवस म्हणजे मंगळवार."