बांधावरच्या पाच साड्या

नेसरीच्या पिराजीने यंदा भात कापल्यावर रान नांगरलं नाही. एवढंच त्याने केलं, आणि तीन दिवसांत अख्ख्या गल्लीने त्याला वेडं ठरवलं.

कल्पना त्याची नव्हतीच. त्याची बायको चिमणाबाई दोन वर्षांपूर्वी गडहिंग्लजला शेतीच्या प्रशिक्षणाला गेली होती. परत येऊन म्हणाली, "भात काढलं की नांगरायचंच न्हाय. धसकटातच गहू पेरायचा. वल टिकतीया, डिझेल वाचतंय, एक पाणी कमी लागतंय." पिराजी हसला होता. पुढच्या वर्षीही हसला. यंदा पावसाळ्यात चिमणाबाई गेली. आता एकदा तरी तिच्या म्हणण्याप्रमाणे वीस गुंठे करून बघायचे, असं त्याने ठरवलं.

न नांगरता पेरणारं यंत्र ज्या दिवशी आलं, त्याच दिवशी शेजारच्या अमरसिंहच्या घरी लग्न होतं. वर्षाच्या आत मंगलकार्य नको म्हणून पिराजी गेला नाही. बाकी गाव पंगतीत होतं. यंत्राने तासाभरात धसकटांमधून चिरा पाडून गहू पेरला आणि ते निघून गेलं. पाहिलं कुणीच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अमरसिंह बांधावर उभा.

"नाना, रान तसंच पडलंय की!"

"पडलं न्हाय. पेरलंय."

"काय पेरलंय?"

"गहू."

अमरसिंहने धसकटांकडे पाहिलं, मग पिराजीकडे पाहिलं आणि आवाज एकदम मऊ केला. "व्हय व्हय. पेरलाय. च्या घेतलासा का सकाळी?"

तो भांडला असता तर पिराजीला बरं वाटलं असतं.

दुपारी अंबूबाई पिठलं-भाकरी घेऊन आली. ती चिमणाबाईची जुनी मैत्रीण. "दाजी, खावा. आनी काड्याची पेटी द्या हिकडं. मी धसकटं पेटवून देते, तेवढाच तुमचा भार कमी."

"पेटवायचं न्हाय! झाकण हाय त्ये जमिनीचं!"

"झाकण!" अंबूबाईने पदर डोळ्यांना लावला. "चिमणी असती तर असं बोलू दिलं नसतं तुम्हास्नी."

"अहो, चिमणीनंच सांगितलंय!"

इथे पिराजी चुकला. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, की गेलेली बायको पिराजीला शेतीचं सांगते.

तिसऱ्या दिवशी त्याची मुलगी क्रांती शाळेत रजा टाकून कोल्हापूरहून आली. तिला कुणी फोन केला, हे तिने सांगितलं नाही.

"आबा, आई रोज बोलती का?"

"दोन वर्षांमागं बोलली ती! जित्ती असताना!"

पिराजी तिला रानात घेऊन गेला. मागोमाग अमरसिंह आणि आणखी चारजण आले. पिराजीने गुडघे टेकले, धसकटांमधली चीर उकरली आणि फुगलेला एक दाणा काढून तळहातावर धरला. त्याला पांढरा कोंब फुटू लागला होता.

"बगा. गहू हाय का न्हाय?"

"हाय की," अमरसिंह समजुतीने म्हणाला. "पन एक दाणा कुठंबी घावतोय, नाना. पोत्यातनं सांडला असंल. तुम्ही काळजी करू नका. दुःखाच्या घरचं रान पयल्या वर्षी पडीक ठिवायचं न्हाय, ही आपल्या गावची रीत हाय. उद्या सकाळी चार ट्रॅक्टर आणतो. दुपारच्या आत नांगरून मोकळं."

"माझं ऐक तरी!"

"रीत हाय, नाना. न्हाय म्हनायचं न्हाय."

मारायला आलेल्याला शिवी देता येते. मदतीला आलेल्याला काय द्यायचं?

सकाळी पिराजीने चिमणाबाईची ट्रंक उघडली. क्रांती साड्यांच्या घड्या मोडायला पुढे झाली. रानडुकरं येऊ नयेत म्हणून पिकाभोवती जुन्या साड्या सगळेच बांधतात. पिराजीने गावासाठी बांधल्या. रानात ट्रॅक्टर शिरेल अशी रस्त्याकडची एकच बाजू होती. तिथे खुंटे ठोकून त्याने पाच नऊवारी आडव्या लावल्या.

चार ट्रॅक्टर ओळीने आले आणि ओळीने थांबले. अमरसिंहने इंजिन बंद केलं.

"नाना, ही हिरवी तर... आमच्या राजवीरच्या बारशाला नेसलीती काकू."

"व्हय. मग? आलासा न्हवं नांगरायला? वलांडा की."

कुणी खाली उतरलं नाही. दोन वर्षं चिमणाबाईचं म्हणणं गावाने ऐकलं नव्हतं, पिराजीनेही नाही. आज ती काही न बोलता चार ट्रॅक्टर अडवून उभी होती. थोड्या वेळाने मागचा ट्रॅक्टर मागे सरकू लागला, मग त्याच्या पुढचा.

पंधरा दिवसांनी धसकटांमधून हिरव्या ओळी वर आल्या. अमरसिंहचं नांगरलेलं रान ढेकळं वाळवत पाण्याच्या पाळीची वाट बघत होतं. तो बांधावर आला आणि वाकून ओळी बघू लागला.

"नाना, जमलंय की. फुडल्या साली मी बी करतो. त्या यंत्रवाल्याचा नंबर द्या."

"घे."

"आनी..." अमरसिंहने आवाज खाली आणला. "वीस गुंठ्याला साड्या पाचच लागत्यात? जुन्याच पायजेत का कशाबी चालतील?"

पिराजीने कपाळाला हात लावला. पुन्हा पहिल्यापासून सांगायचं त्राण त्याच्यात नव्हतं. त्याने वाऱ्यावर हलणाऱ्या हिरव्या साडीकडे पाहिलं.

"पाच बास. पन बायको हाय तवर तिला इचार."

"इचारलं तर नव्या मागंल की ती!"

"मग घे की!" पिराजी खेकसला.