तीन बोटं उंच टायर

२००९ साली, दिवाळी उरकून थंडी नुकती अंगाला लागत होती तेव्हा, मी माझ्या पिकअपला मोठे टायर बसवले आणि तीन बोटांनी बुटका झालो.

यात नवल काही नाही. टायर मोठे केले की गाडी उंच होते, आणि ती उंची मालकाच्या अंगातून जाते. दुसरी कुठून येणार? आमच्या तालुक्यात हे सगळ्यांना माहीत आहे. गाडीच्या कागदावर दोन उंच्या लिहिलेल्या असतात, एक गाडीची आणि एक मालकाची. बेरीज जुळली नाही तर साहेब शिक्का मारत नाही.

तरी लोक हौसेनं मोठे टायर घेतात. आमच्या गावचे संपतराव फडतरे घ्या. त्यांच्याकडेही पिकअप आहे. तिला त्यांनी एकदा नाही, तीनदा टायर वाढवले. आता गाडी लांबून हत्तीसारखी दिसते. आत संपतराव दिसत नाहीत. सकाळी त्यांची बायको त्यांना काखेत धरून वर ठेवते, खाली दोन उशा सारते आणि दार लावते. गाडीत बसले की ते सगळ्या गावाकडे वरून बघतात. उतरले की दुकानाच्या कट्ट्याला टेकता येत नाही, कारण कट्टा डोक्याशी येतो. माणूस मोठा झाला, असं लोक म्हणतात. म्हणोत.

मला हौस नव्हती. माझा धंदा मंडपाचा. खांब, कनाती, खुर्च्या, मोठी पातेली, सगळं पिकअपमधून जातं. त्या पावसाळ्यात काळ्या ओढ्यावरचा फरशीचा पूल वाहून गेला आणि पात्रात दगड उघडे पडले. माझ्या गाडीचं पोट त्या दगडांना घासायचं. पलीकडच्या पाच वाड्यांतली लग्नं मग संपतरावांच्या गाडीनं जायला लागली. त्यांच्याकडे मंडप नव्हता, तोही त्यांनी घेतला. तेव्हा मी उठलो आणि तालुक्याला अस्लम मुलाणीच्या दुकानात गेलो.

अस्लम टायरच्या धंद्यात बापापासून आहे. त्यानं आधी गाडीखाली वाकून बघितलं, मग मला खालून वर बघितलं.

"अण्णा, तुमच्यासारखी उंची आता गिऱ्हाइकांत राहिली नाही. जपून खर्च करा."

"काय काय आहे ते दाखव."

त्यानं एक चकचकीत चाक पुढं आणलं. लोखंडी डिस्क मोठी, तिच्यावर टायर चपातीसारखा पातळ. "हे घ्या. चाक मोठं दिसतं, गाडी उंच होत नाही. तुमचं काही जात नाही."

"मग दगड घासायचा थांबेल का?"

"नाही थांबणार. पण घासताना चांगलं दिसेल. पोरं हेच नेतात."

"मी पोरगा नाही."

"मग उंच टायर घ्या. पण जुन्या डिस्कवर मोठा टायर चढवू नका. टायर फुगतो, वळणावर गाडी डोलते. डिस्क त्याच्या जोडीचीच पाहिजे. आणि फार रुंद नको, नाहीतर स्टेअरिंग वळवलं की मडगार्डला घासेल." त्यानं एक टायर उभा केला आणि त्याच्यावर हात ठेवला. "याच्यानं गाडी तीन बोटं उचलेल. दगड सुटेल. याहून मोठा मागू नका, तुमचा संपतराव होईल."

"स्टेपनीची उंची पण कापतात का?"

"कायद्यानं नाही. ती टांगलेली असते. संपतरावांची कापली, कारण त्यांनी स्टेपनी पण मोठी मागितली, वर तिच्यासाठी पावती मागितली." त्यानं पाना हातात घेतला. "उंची पायातून देणार का मानेतून?"

"मानेतून दिली की काय होतं?"

"फेटा खांद्यावर बसतो."

"पायातून घे."

जुने टायर आणि डिस्का त्यानं बदल्यात ठेवून घेतल्या. चारही चाकांचे नट आवळले तसतशी दुकानाची खिडकी मला वर जाताना दिसली. दुखत नाही. धोतर मात्र लोळायला लागलं.

घरी आलो तेव्हा गजराबाई, म्हणजे आमची कारभारीण, अंगणात धान्य पाखडत होती. तिनं सूप थांबवलं.

"गाडी उंच झाली," ती म्हणाली.

"झाली."

"आणि तोरण?"

"पोचतो हात. वडिलांचा वीतभर वर जायचा."

तोरणाचं सांगतो. चैत्रात भैरोबाची यात्रा भरते. तिच्या सकाळी गावच्या वेशीला आंब्याचं तोरण बांधतात. कमानीत एक लोखंडी कडी आहे. ती कडी शिडी न लावता, टाचा जमिनीला टेकलेल्या ठेवून, ज्याच्या हाताला लागते त्याच्या घराकडे तोरणाचा मान असतो. चार पिढ्या तो आमच्या घराकडे आहे. टाच उचलली की मान गेला. मग पंच दुसरं घर बघतात.

हिवाळा चांगला गेला. ओढ्यातून गाडी अलगद जायची. पलीकडची सगळी लग्नं परत माझ्याकडे आली. संपतरावांचा नवा मंडप घडीत राहिला, त्यामुळे तो नवाच राहिला.

यात्रेच्या आठवडाभर आधी, कुणी नसताना, मी वेशीत उभा राहिलो आणि हात वर केला. कडी तीन बोटं वर होती.

हिशोब माझा बरोबर होता, फक्त त्यात वय धरलं नव्हतं. वयानं माझी बरीच उंची आधीच नेली होती, तीही कागद न करता. मागच्या चैत्रात हात नेमका पोचला होता आणि मला वाटत होतं वडिलांसारखी माझीही वीतभर शिल्लक आहे.

मी अस्लमकडे गेलो. जुनी चाकं एका भाजीवाल्याच्या गाडीला बसली होती. भाजीवाला सोलापूरला गेला होता. अस्लम म्हणाला, "पंधरा दिवसांनी आणून देतो."

"यात्रा आठवड्यात आहे."

"मग घरात कुणाची उसनी घ्या."

मान जाणार कुणाकडे, तेही मला ठाऊक होतं. संपतरावांचा मुलगा ताडासारखा आहे. गाडी बापाच्या नावावर असली की मुलाचं काही कमी होत नाही. संपतराव शहाणे नाहीत असं मी म्हणत नाही.

मी घरी येऊन गजराबाईला सांगितलं.

"तीन बोटं दे. तोरणापुरती."

"टायरला दिलीत तेव्हा मला विचारलंत?"

"ती मी माझ्यातली दिली."

"आणि आता माझ्यातली मागता. माझ्यात आहेच किती?"

"उसनी मागतोय."

"उसनं वाटीनं देतात हो. याला वाटी कुठली आणू?" असं म्हणाली, पण हात पुसून उठली. आम्ही दाराच्या चौकटीत पाठीला पाठ लावून उभे राहिलो. उंचीची उसनवारी अशीच करतात. तिनं श्वास सोडला आणि माझं डोकं चौकटीला लागलं.

यात्रेच्या सकाळी ढोल वाजत होते. मी टाचा टेकून हात वर केला आणि तोरण कडीत अडकवलं. पंचांनी खाली बसून टाचा बघितल्या आणि मान हलवली. संपतराव माझ्या मांडीजवळून म्हणाले, "अण्णा, या वर्षी वहिनी दिसत नाहीत?"

"आहेत. तुम्हाला तिथून दिसायच्या नाहीत."

लोक हसले. गजराबाई बायकांच्या घोळक्यात मागं होती. लग्न झाल्यापासून दर वर्षी ती लोकांच्या खांद्यावरून मला तोरण बांधताना बघते. घरी जाताना मी विचारलं, "दिसलं का?"

"पाठी दिसल्या," ती म्हणाली. "चांगले सदरे घातले होते सगळ्यांनी."

मी म्हणालो, लगेच परत देतो. पण दुसऱ्या दिवसापासून लग्नं होती, आणि मंडपाच्या वरच्या दोऱ्या बांधायला हात पुरला पाहिजे. "लगीनसराई उरकू दे," मी म्हणालो. "असू दे," ती म्हणाली. तिनं मागितलं नाही. अस्लमचा निरोप आला, जुनी चाकं आली आहेत. मी ती तिथंच ठेवायला सांगितली. उंच माणूस उंच गाडीतून उतरला की लोक वाट देतात. वाईट वाटत नाही.

आषाढात काम थांबलं. एके सकाळी दाढी करायला आरशासमोर उभा राहिलो तर आरशात माझा गळा दिसला. मी खाली बघितलं. आरसा खाली आला होता. मग घर बघितलं. चहाचा डबा खालच्या फळीवर होता. देवाचा कोनाडा रिकामा होता आणि देव पाटावर मांडले होते. कपड्यांची दोरी माझ्या कपाळाशी होती. गजराबाईनं सगळं घर एकटीनं तीन बोटं खाली आणलं होतं, आणि मी त्यातून रोज वाकून ये-जा करत होतो.

"ऊठ," मी म्हणालो. "चौकटीत ये."

ती आली. आम्ही पाठीला पाठ लावली.

"तीनच द्या," ती म्हणाली. "वर शीग नको."

"आमच्या घरातून उसनी वाटी सपाट परत जात नाही."

"माणसाला कसली शीग? शीग दिलीत तर जुने टायर लावूनही कडी लागायची नाही. मान कायमचा जाईल."

"ठाऊक आहे."

"फडतऱ्याच्या पोराकडे जाईल."

"त्याला टाचा टेकायला सांग."

ती आणखी काही बोलणार होती. मी श्वास सोडला. तीन बोटं गेली, आणि वर अर्धं बोट शीग गेली. चौकट माझ्या डोक्यापासून लांब गेली. गजराबाई वळली, हात वर केला आणि वरच्या फळीवरून साखरेचा डबा काढला.

उसनं फिटलं.