आबा मयेकरांचा कातळ

आबा मयेकर खांद्यावर मासे धरायच्या गरीची काठी टाकून घराबाहेर पडले आणि कोणी "कुठे निघालात?" असं विचारलं, की संपलं. आबा जागच्या जागी थांबत, विचारणाऱ्याकडे एकदा बघत आणि आल्या पावली घरी परत. काठी भिंतीला टेकवायची, चपला काढायच्या, ओट्यावर मांडी घालून बसायचं, तांब्यातलं पाणी प्यायचं, वर गुळाचा खडा. मोडलेली वेळ पुन्हा जुळली असं त्यांच्या मनाने घेतलं, की मगच दुसऱ्यांदा निघायचं. पाण्यावर निघालेल्या माणसाला "कुठे" म्हणून विचारू नये, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. अगदीच राहवलं नाही तर "लांब निघालात का?" म्हणावं. चुकून कोणी विचारलंच, तर बाकीचे लोक मनातल्या मनात एक शिवी हासडून पुढे जातात. आबा मात्र मागे फिरायचे.

आणि त्यांना हा प्रश्न नेमाने विचारणारा अख्ख्या रत्नागिरीत एकच माणूस होता, तो म्हणजे मी. का विचारायचो? पोटात दुखायचं म्हणून. उगाच आडपडदा कशाला ठेवा!

एकोणीसशे तीस साल नुकतंच उलटलं होतं. मी मूळचा खेडकडचा, डोंगराच्या कुशीतला. कोर्टात कारकुनी मिळाली म्हणून रत्नागिरीत आलो आणि भाट्याच्या खाडीजवळ भाड्याने घर घेतलं. शेजारचं घर आबांचं, कुंपणाला कुंपण. आबा बंदरावरच्या जकात कचेरीतून पेन्शनीत निघालेले. अंगात बंद गळ्याचा जुना कोट, डोक्याला काळी टोपी. गरवायला, म्हणजे गरीने मासे धरायला, जातानाही कोट सुटत नसे. बायको वारलेली, मुलगा मुंबईला, स्वतःचा भात स्वतः शिजवून खायचे. असा एकटा माणूस दिसला की कोणालाही दया येईल. मलाही आली होती, पण ती पहिल्या आठवड्यातच संपली, कारण त्या आठवड्यात मी त्यांच्या शेजारी बसून मासे धरायला गेलो.

खाडीच्या तोंडाशी, जिथे नदीचं पाणी समुद्राला मिळतं, तिथे एक काळा कातळ पाण्यात घुसलाय. त्याला सगळे आबांचा कातळ म्हणत. कोणी लिहून दिलेलं नव्हतं, पण रोज येणारा माणूस येतोय तोवर त्याच्या बैठकीवर दुसऱ्याने बसायचं नाही, ही तिथली रीत. हौसेने गरवणारे आम्ही पाच-सहा जण होतो आणि ज्याची त्याची बैठक ठरलेली. माझ्या वाटणीला आला तो आबांच्या कातळापासून हाकेच्या अंतरावरचा, कालवांच्या शिंपल्यांनी भरलेला, बसलं की बुडाला टोचणारा एक खडक. पाणी तेच, वारा तोच, आमिष तेच. त्यांच्या गरीला लालभडक तांबोशी लागायची आणि माझ्या गरीला शिंगाळा. शिंगाळा म्हणजे मिशांचा, काट्याचा मासा. हातातून सोडवताना असा काटा मारतो की दुसऱ्या दिवशी कोर्टात लेखणी धरता येत नाही.

त्यात आबा सल्ले द्यायचे. फुकट द्यायचे आणि न मागता द्यायचे. जकात कचेरीची भाषा त्यांच्या जिभेवरून उतरलीच नव्हती. मोठा मासा वर काढला की "माल जप्त" म्हणायचे. लहान मासा लागला की गरी अलगद सोडवून त्याला पाण्यात ठेवायचे आणि म्हणायचे, "जा, पास दिला." आणि उठता-बसता, "घाई कसली?"

"काय वो, ही काय चाकरी आहे, घड्याळ बघून यायला?" असं मला पहिल्याच दिवशी म्हणाले. मग एकेक सांगत सुटले. पौर्णिमा-अवसेच्या उधाणात यायचं नाही, अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी असताना यायचं, तेव्हा पाण्याला ओढ कमी असते. भरती अर्धी झाली की गरी टाकायची आणि पाणी भरून थांबलं की उठायचं, तिथे हावरटपणा करायचा नाही. कोळंबी जिवंत हवी आणि ती शेपटीकडून ओवायची. डोक्यात गरी घुसली तर ती मरते आणि मेलेल्या कोळंबीवर खेकडे जेवून जातात. आपली सावली पाण्यावर पडू द्यायची नाही. तांबोशीने ओढलं की लगेच हिसका मारायचा नाही. "घेऊ दे तिला. जरा लांब जाऊ दे. तिला वाटू दे, कोण विचारणारं नाय म्हणून. मग ओढा."

मी हे सगळं तंतोतंत केलं. मिळाला शिंगाळाच.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. एवढ्या मोकळ्या मनाने कोणी खरी युक्ती सांगतं का? हा म्हातारा मला पद्धतशीर चुकवतोय! ठरवलं, आता हे सांगतात त्याच्या बरोबर उलटं करायचं. पौर्णिमेला, भर उधाणात, मेलेली कोळंबी घेऊन मी एकटा माझ्या खडकावर जाऊन बसलो. मासा लागलाच नाही. पाणी मात्र लागलं. समोरून येईल म्हणून तिकडे माझं लक्ष, आणि ते पाठीमागून आलं. वळून बघतो तर खडक आणि किनारा यांच्यामध्ये खाडी वाहतेय. मी उठून उभा राहिलो. पाणी पोटरीपर्यंत चढलं, गुडघ्याला लागलं. आमच्या खेडच्या नदीत डुंबलेला मी, पोहणं यथातथाच.

तेवढ्यात काठावर आबा आले. उधाण म्हणून ते गरवायला आले नव्हते, नुसते पाणी बघायला आले होते. मला वाटलं, आता हे होडी आणवतील, माणसं गोळा करतील. आबांनी पोहता येतं का म्हणून विचारलं, मी नकारार्थी मान हलवली. "मग उभे राहा," ते म्हणाले. "हा खडक कमरेच्या वर बुडत नाय. पाणी उतरेल. घाई कसली?" आणि काठावर बसून राहिले. पाणी उतरेपर्यंत हलले नाहीत, बोलत राहिले. पाय फाकवून उभे राहा, लाटेकडे पाठ करू नका, काठी आडवी धरा. उधाणात का येऊ नये तेही पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. उभ्या उभ्या ऐकण्यावाचून मला गत्यंतर नव्हतं.

हे एक वेळ सोसलं असतं. पण त्यांचा मासा आमच्या घरात यायचा! मिळालेल्या मालातला वाटा शेजारी दिल्याशिवाय आबा चूल पेटवत नसत. आमचं कुटुंब त्या तांबोशीला कोकम, तिरफळ घालून असं कालवण करायचं की वास कुंपणापलीकडे जायचा. आणि वासापाठोपाठ वाडगाही जायचा. म्हाताऱ्याला कुठे धड रांधता येतंय, असं तिचं म्हणणं. माशाची मधली तुकडी त्या वाडग्यात आणि माझ्या ताटात शेपटीकडची. वर जेवताना ऐकवायची, "आबांच्या हाताला गुण आहे हो." माझ्या हाताला शिंगाळ्याचे व्रण होते, ते कोणाला दिसत नव्हते. माझा नुसता तिळपापड व्हायचा. देवाकडे माझं एकच मागणं होतं, आयुष्यात एकदा तरी आबांपेक्षा मोठी तांबोशी माझ्या हातून घरात यावी आणि तिची मधली तुकडी माझ्या ताटात पडावी. त्यासाठी तो कातळ हवा होता. दोष माझ्या हातात नव्हता, बैठकीत होता, याबद्दल माझी खात्री पटलेली होती.

म्हणून मी "कुठे" विचारायला लागलो. कोर्टातून येऊन ओट्यावर बसायचं, आबा काठी घेऊन फाटकासमोर आले की तोंडभर हसून "कुठे निघालात आबा?" ते थांबायचे, एकदा बघायचे, मागे फिरायचे. मला वाटायचं, झाली वेळ खोटी. कसली खोटी होतेय! पाणी-गूळ होऊन ते कातळावर पोचायचे तेव्हा भरती बरोबर अर्धी झालेली असायची. उलट माल जास्तच जप्त व्हायचा.

एकदा कुटुंब म्हणालं, "अहो, आबांच्या मागच्या दारातून माडांच्या बागेतली वाट सरळ खाडीवर जाते. मग हे रोज वळसा घालून आपल्या फाटकावरून का जातात?"

"काठी मिरवायला," मी म्हणालो. मला त्यात काही शंका नव्हती.

त्या पावसाळ्यात आबा तापाने पडले. कुटुंब पेज नेऊन द्यायचं, मीही जाऊन बसायचो. गणपतीला त्यांचा मुलगा बाळा मुंबईहून आला, वडिलांची दशा बघून घाबरला आणि आता यांना इथे एकटं ठेवायचं नाही असं त्याने ठरवून टाकलं. पोरगा वाईट नव्हता. चाळीत खोली आहे, सून करून घालील, दारात नळ आहे, असं तो परोपरीने सांगत होता. "नळाला भरती येत नाय," एवढंच आबा म्हणाले. पण पोटच्या पोराला नाही म्हणायला त्यांच्याकडे काही कारण नव्हतं. पावसात बंद असलेल्या आगबोटी पुन्हा सुरू झाल्या होत्या. जाण्याचा दिवस ठरला.

वाईट वाटल्यासारखा चेहरा करताना मला काय कष्ट पडले म्हणून सांगू!

आदल्या संध्याकाळी आबा मला कातळावर घेऊन गेले. काठी माझ्या हातात दिली. "आता हा कातळ तुमचा," म्हणाले. डावा पाय कुठल्या खाचेत रोवायचा, गरी कुठल्या दगडाच्या कडेने सोडायची, सगळं दाखवलं. मी बसून बघितलं. काय बैठक होती! पाठीला टेकण, पायाला आधार. मला उद्याची तांबोशी दिसायला लागली.

आबा बाजूला उभे होते. पाण्याकडे बघत म्हणाले, "तुम्ही मुद्दाम विचारता, ते काय मला कळत नाय?"

मी खाचेतला पाय काढून घेतला.

"तीपण मुद्दामच विचारायची," आबा म्हणाले. "आमची. चांगली बंदरावरची पोर, तिला काय ठाऊक नव्हतं? मी काठी घेतली की दारात येऊन, कुठे? मी चिडायचो, बोल बोल बोलायचो, आणि परत येऊन बसायचो. मग ती पाणी आणायची, गूळ आणायची, नि जवळ बसायची. दिवसभर मी कचेरीत, संध्याकाळी इथे. तेवढाच काय तो मी तिच्या वाट्याला. ती गेली नि मला कोण विचारीना. सगळे शहाणे. मग तुम्ही आलात राहायला."

मी काठी खांद्यावर टाकली. आम्ही घरी आलो.

सकाळी बाळा ट्रंक आणि वळकटी हमालाच्या डोक्यावर देऊन पुढे निघाला. बंदरावरून पडावात बसायचं आणि खोल पाण्यात उभ्या असलेल्या बोटीवर चढायचं. मी ओट्यावर काल मिळालेल्या काठीला गरी बांधत बसलो होतो. घराला कुलूप लावून आबा आले, कोट, टोपी, हातात छत्री. फाटकासमोर थांबले. "येतो," म्हणाले.

"या," मी म्हणालो.

पण ते जाईनात. टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. छत्री या हातातून त्या हातात घेतली. कोपऱ्यावरून बाळाने हाक मारली, तिकडे बघितलंही नाही. माझ्याकडे बघत उभे राहिले.

आता मला सगळं कळत होतं. कळत होतं म्हणूनच जीभ उचलत नव्हती. माझी काठी! माझा कातळ! काल तर मिळाला होता. गप्प बसलं असतं तरी झालं असतं, उलट गप्प बसणंच रीतीला धरून होतं. मला कोणी नाव ठेवलं नसतं. दारात आमचं कुटुंब येऊन उभं राहिलं होतं.

"कुठे निघालात आबा?" मी विचारलं.

आबांनी माझ्याकडे एकदा बघितलं, नेहमीसारखं. मग फाटक उघडून आत आले. त्यांच्या घराला कुलूप होतं, म्हणून आमच्याच ओट्याखाली चपला काढल्या आणि मांडी घालून बसले. कुटुंबाच्या हातात तांब्या आणि गूळ आधीच तयार होता.

बाळा धावत आला. पडाव सुटतोय, उठा, म्हणाला. काय झालं ते कळल्यावर माझ्याकडे असं बघितलं की मी गरीची गाठ तपासायला लागलो. "चुकून गेलं हो तोंडातून," मी म्हणालो.

"पास नाय मिळाला, बाळा," आबा म्हणाले. "आता बसायला हवं."

बाळा डोक्याला हात लावून पायरीवर बसला. आबा पाणी प्यायले, त्यांनी गुळाचा खडा तोंडात टाकला आणि तो विरघळू दिला. बंदराकडून बोटीचा भोंगा ऐकू आला. मग त्यांनी भांग आहे ना आज, म्हणून विचारलं. मी आहे म्हणालो. भरती कधी लागतेय, विचारलं. लागली असेल एवढ्यात, म्हणालो.

मी उठलो आणि काठी त्यांच्या हातात दिली. पोटात दुखलंच.